स्किपमधला गालिचा

शनिवार, ८ ऑक्टोबर २०१६

पालापाचोळा टाकायला भाड्याचा लोखंडी हौद! त्याला इथे स्किप म्हणतात. भरला की ट्रक येऊन उचलून नेतो. चिंचवडला आम्ही पाला खड्ड्यात टाकायचो, खत व्हायचं. मुलाच्या या परदेशातल्या फ्लॅट बुशमध्ये गवतालाही गाडीतून फिरायला न्यावं लागतं.

श्रीनाथ मागचं सगळं अंगण साफ करतोय. कुंपणाची झुडपं, फिजोआचं चांगलं फळतं झाड — काही ठेवलं नाही. "कशासाठी रे?" तर म्हणे, "जागा मोकळी हवी, बाबा." मी पुन्हा परतीच्या तिकिटाचं काढलं. दिवाळीला मला माझ्या घरी असायचंय, एवढंच मागतोय मुलाकडे. "बघतो," म्हणाला.

रविवार, ९ ऑक्टोबर

शेजारचा विश्वनाथ आला. मूळचा कोथरूडचा, आयटीतला. इथल्या लोकांसारखा नमस्कार, "किआ ओरा, काका," म्हणाला आणि घरातला जुना गालिचा सरळ आमच्या स्किपमध्ये. स्किपवर ठळक लिहिलंय — फक्त बागेतला कचरा. आमचे चिरंजीव बघत उभे! वर "स्वीट ॲज" म्हणाले, म्हणजे मस्त, चालेल. नंतर मी खडसावलं. तर म्हणे, "आपल्यातलाच आहे, कसं नाही म्हणू?" काय ही भीड! मला असलं कधी जमलं नाही.

सोमवार, १० ऑक्टोबर

तिकिटाचं विचारलं. "बघतो."

मंगळवार, ११ ऑक्टोबर

ट्रकवाल्याने गालिचा बघितला, मान हलवली, स्किप तसाच ठेवून गेला. छान! सूनबाई दीप्ती श्रीनाथवर चिडली, श्रीनाथ माझ्यावर. "तुम्ही तिथेच होतात ना बाबा, का नाही बोललात?" घ्या! घर तुझं, स्किप तुझा, मित्र तुझा. मी पाहुणा. शेवटी मीच आत चढलो, ओल्या पाल्याखालून गालिचा ओढून काढला आणि विश्वनाथच्या दारात नेऊन टाकला. त्याची बायको खिडकीतून बघत होती. बघू दे.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

स्किप गेला एकदाचा. संध्याकाळी लेकीचा, सुनीताचा, चिंचवडहून फोन. "बाबा, तुमचं घर रिकामं करून झालं. भाडेकरू सोमवारी येतायत. आईचा फोटो मी माझ्याकडे आणलाय. दादा तुमच्यासाठी मागे खोली बांधतोय ना? तुम्ही कायमचं तिथे राहायला तयार झालात, बरं वाटलं. तुम्हाला विचारूनच चाललंय ना सगळं?"

श्रीनाथ समोरच बसला होता, मान खाली घालून.

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं त्याने."