मामाचा नकार, तुझा मान

प्रिय आई,

तू जाऊन दोन वर्षं होत आली आणि मी आज पहिल्यांदा तुला पत्र लिहितेय, तेही भांडायला! जिवंतपणी तुझ्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. आता तुला मधे बोलता येत नाही, तेव्हा ऐक.

माझ्या मेघनाचं लग्न ठरलंय. मुलगा इथल्याच, मैसूरच्या नजरबादचा, कन्नड घरातला, स्वभावानं गरीब. काल त्यांच्याकडची माणसं आपल्या कुवेंपुनगरच्या घरी आली होती. कॉफी झाली, लग्नाला कुठलं छत्र भाड्यानं घ्यायचं ते बोलणं झालं आणि मुलाच्या आजीनं विचारलं, "मुलीचा सोदरमाव कोण? मंटपात तिला कोण घेऊन येणार?"

मला भाऊ नाही, म्हणजे मेघनाला मामा नाही. मी सरळ सांगून टाकलं, "माझे मामा आहेत ना, पुण्याचे वसंतमामा. ते आणतील." चिक्कम्मानं, तुझ्या लाडक्या धाकट्या जावेनं, कॉफीचा लोटा खाली ठेवला आणि अशी बघायला लागली, जणू मी सगळ्यांसमोर शिवीच दिली!

पाहुणे गेले आणि ती सुटली. "अक्कानं शपथ घातली होती तुला! त्याचं पाऊल तुमच्या उंबऱ्याला लागायचं नाही म्हणून!"

घातली होतीस, मान्य. पण मी "हो" कधी म्हटलं होतं गं? तू घालून मोकळी झालीस, एवढंच.

तुला आठवतं का, अग्रहारातल्या आपल्या शेजारच्या शारदम्मांनी थोरली लेक सख्ख्या धाकट्या भावाला दिली होती ते? आठवडाभर तुझ्या तोंडी तेच. मुलगी या घरातून त्या घरात, सासू म्हणजे तिची आजीच, भांडणार कोण! आपल्या देवघरात विठोबा, शिवणाच्या दुकानावर नाव मराठी, पण रीतिभाती कधीच्या शेजारच्यांच्या झाल्या होत्या. आपल्या लोकांतही एक-दोन घरांत असं लग्न झालं होतं. मलासुद्धा तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं होतं ना!

मग दिवाळीला मामा पुण्याहून आला. नोकरी कायम झाली म्हणून खुशीत होता. मी आत चिरोटे तळत होते. त्याला वाढता वाढता तू म्हणालीस, "वसंता, कुसुमला तुलाच द्यायचं ठरवलंय." तूप वाढू का विचारावं, तसं!

त्याचा घास हातातच राहिला. "अक्का, इथे राहत होतो तेव्हा मी हिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलंय. हिचं नाक पुसलंय."

"मग? शारदम्माच्या भावानं काय लांबून बघितली होती?"

मला हसू आलं, आई, खोटं कशाला सांगू. आणि लगेच ध्यानात आलं, हे माझ्याबद्दल चाललंय! तू त्याला मागच्या अंगणात घेऊन गेलीस. परत आलीस ती लालबुंद होऊन. "नाही म्हणतो! माझी मुलगी माझ्या भावाला चालत नाही!" तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्या दिवसापासून तू त्याच्याशी बोलणं टाकलंस, ते मरेपर्यंत.

तुझा मान गेला, हे मला कळतं. खरंच कळतं! भावानं बहिणीची मुलगी नाकारायची म्हणजे इथे काय होतं, ते मी भोगलंय. नळावर बायका कुजबुजायच्या, "घरच्या माणसालाच नको, म्हणजे मुलीत काहीतरी असणार." दोन स्थळं नुसती याच प्रश्नावर फिरली, "सोदरमाव का नको म्हणाला?" तू घरी येऊन भांडी आदळायचीस आणि रात्री माझ्या डोक्याला तेल लावता लावता रडायचीस. तुझ्या सासूनं तुझे काय हाल केले ते मी पाहिलंय. तसली सासू माझ्या नशिबी नको म्हणूनच तू मला भावाच्या घरात ठेवायला निघाली होतीस. माया होती ती. पण म्हणून भाऊच टाकायचा?

माझ्या लग्नात मला बोहल्यावर अप्पांच्या कुठल्याशा चुलतभावानं आणलं. मी त्यांना धड ओळखतही नव्हते! त्यांच्या हाताला विड्याचा वास येत होता आणि मी सगळ्या मांडवात मामाला शोधत होते. त्याला तू साधी पत्रिकाही धाडली नव्हतीस, हे मला नंतर कळलं.

आणि तू गेलीस त्या दिवशी तर हद्द झाली! कळल्याबरोबर तो पुण्याहून निघून आला, काखेत माहेरची साडी घेऊन. सत्तरीचा माणूस! मी आत तुला न्हाऊ घालत होते. चिक्कम्मानं त्याला बाहेरच अडवलं, "अक्काची इच्छा नव्हती." त्यानं साडी ओट्यावर ठेवली आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. सख्ख्या बहिणीच्या अंगावर शेवटचं वस्त्र घालायला मिळालं नाही त्याला. ती साडी कुणी उचलली, कुठे गेली, आजही कुणी सांगत नाही.

तेव्हा आज सकाळी मी चिक्कम्माच्या समोर बसूनच मामाला फोन लावला. म्हटलं, बघू दे काय बघायचं ते.

फोन मामींनी घेतला. मी लग्नाचं सांगितलं, मामाला पाठवा म्हटलं, जुनं सगळं आता विसरा म्हटलं. तर त्या आवाज खाली करून म्हणतात, "हो, पण ते जुनं तिथे कुणापुढे काढू नका हं. बहिणीच्या मुलीशी लग्न! शी! असलं विचारतात तरी कसं तुमच्याकडे?" माहेरी कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून त्यांनी पोरांनाही कधी सांगितलं नाही. पोरं समजतात, मैसूरच्या आत्यानं जमिनीवरून भांडण काढलं. अय्यो, जमीन! अप्पांच्या शिलाई मशीनशिवाय आपल्याकडे होतं काय?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामी, तुमच्यात मामाच्या मुलीशी लग्न केलेलं चालतं ना? कौतुकानं करता ना? मग मामाशी केलं की शी कसं होतं?" शारदम्मांची ती लेक आज नातवंडांत सुखानं आहे. तिला जाऊन शी म्हणेल कोण? मैसूरला नाही म्हटल्याची लाज, पुण्याला विचारल्याची लाज, आणि या दोन लाजा सांभाळता सांभाळता आमचं आयुष्य गेलं. साकु, आई, साकु! पुरे झालं हे!

मग मामा फोनवर आला. मी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तू तेव्हा असं तडकाफडकी नाही का म्हणालास?"

"तडकाफडकी कुठे गं," तो म्हणाला. "अंगणात मी अक्काला म्हटलं, माझं राहू दे, आधी कुसुमला तर विचार. अक्का म्हणाली, तिला काय विचारायचं, मी आई आहे तिची. तेव्हा मग मी नाही म्हटलं. म्हटलं, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. पोरीला या घरात राहायचंय."

चिक्कम्मा मान खाली घालून बसली होती. फोन स्पीकरवर होता.

तू हे मला कधी सांगितलं नाहीस. त्यानं नाकारलं, एवढंच सांगत राहिलीस. माझा आणि त्याचा केवढा काळ गेला, आई! आता सांग. तू त्या दिवशी मागच्या अंगणातून आत आली असतीस, गॅस बंद करून मला विचारलं असतंस, तर मी काय म्हटलं असतं? मी नाहीच म्हटलं असतं. पहिल्या शब्दाला. मग माझं काय केलं असतंस? माझ्याशीही बोलणं टाकलं असतंस? मीही ओट्यावर साडी ठेवून समोरच्या पायरीवर बसले असते?

मामा येतोय. त्याला घरात मी हात धरून घेणार आहे, तुझी शपथ तशीच राहू दे. आणि एक वचन देते. मेघना मला पुढे नाही म्हणेल, चारचौघांत म्हणेल, माझं नाक कापल्यासारखं होईल. मी चिडेन, भांडी आदळेन, अगदी तुझ्यासारखीच. पण तिच्याशी बोलणं टाकणार नाही. कधीही नाही.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझीच,
कुसुम