बटनापाशी थांबलेली अकरा पत्रं

प्रिय बाबा,

जय भीम.

रजा टाकून भिलाईले आली. आई म्हणे, आता तुमी नाई, तुमचा कॉम्प्युटर कोणाच्या कामी येत असन तं देऊन टाक. देण्याआधी आतलं पुसावं म्हणून सकाळी उघडला, अन् तिथंच बसून राहिली. थकली मी बाबा, खरंच थकली. म्हणून लिहून राहिली.

आठवते? डोळे पूर्ण गेल्यावर तुमी दोन महिने कोणाशी धड बोलले नाई. मंग सिविक सेंटरच्या बाजारातून मी हेडफोन आणला अन् पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून देला. "हे तं टेसनवर गाड्या सांगणाऱ्या बाईवानी बोलते!" म्हणाले. किती हासलो होतो आपण!

तिकडं पुण्यात माही नोकरी वेगळी. पण त्याउपर हे काम, फुकटचं, हौसेचं. जगभरातले लोक मिळून लिहितात असा, कोणालेही मोकळा असलेला ईमेलचा प्रोग्राम. त्यातलं एकेक बटन त्या बाईले आपलं नाव सांगन, हे पाहणं माह्याकडे. प्रोग्रामनं नावच सांगितलं नाई, तं बाई काय वाचन?

तोच प्रोग्राम तुमी वापरत होते. एक दिवस फोनवर म्हणाले, "शिलू, पत्र लिवतो, पण धाडाचं बटन बोलत नाई."

मी इकडे पाहिलं. चांगलं बोलत होतं. "बोलते बाबा, तुमीच काहीतरी चुकीचं दाबता."

तीनदा सांगितलं तुमी. तिसऱ्यांदा मी चिडली, "आता काय तिथं येऊन बोट धरू का तुमचं?"

"राहू दे," म्हणून तुमी फोन आईले देला. तसंही फोनवर "हो, बरं, जेवली का, घे आईशी बोल" याच्यापुढं तुमची गाडी कधी गेलीच नाई. मले वाटलं, शिकाचा कंटाळा आला असन. मी पुन्हा विचारलंही नाई.

आज पडदा बंद केला अन् तुमच्यासारखी नुसत्या कीबोर्डवर गेली. विषय बोलला, मजकूर बोलला, अन् पुढं सगळं चुपचाप! मी दर वेळी माउसनं तपासत होती, बाबा. माउस नेला की बटन बोलत होतं. डोळे नसलेला माणूस माउस कायले धरन? एवढीही अक्कल नाई आली मले!

दुसऱ्या कोणी त्या चुप बटनावर एंटर मारून पाहिला असता. गेलं असतं पत्र. पण तुमी कुठले! तीस वर्षं प्लांटात क्रेन चालवली. घंटी देल्याशिवाय क्रेन हलवली नाई, अन् ज्याचं नाव माहीत नाई त्या बटनाले बोट लावलं नाई. "खाली माणसं असतात," म्हणत होते. इथं खाली कोण होतं? मीच होती ना! कावून नाई दाबलं?

अकरा पत्रं निघाली. पुरी लिहिलेली, न धाडलेली, सगळी मले. एकात अंगणातल्या शेवग्याची खबर. एकात आईच्या गुडघ्याचं, तिले सांगू नको म्हणून. अन् शेवटच्यात, "फोनवर मले बोलता येत नाई बेटा. मी रागावलो नाई तुह्यावर."

मागच्या महिन्यातच मी हे फुकटचं काम सोडतो म्हणून तिथल्या लोकांले कळवलं होतं. दोन कामं झेपत नाई आता. पण आज दिवसभर बसून ते बटन बोलतं केलं. बाई म्हणाली, "पाठवा, बटन." मी दाबलं. अकरा वेळा दाबलं. बाजूले माहा फोन अकरा वेळा वाजला, अन् दर वेळी तुमचंच नाव आलं.

आई दारात येऊन म्हणे, "कोणाचं येऊन राहिलं एवढं?" मी तिले बाजूले बसवून शेवग्याचं पत्र वाचून दाखवलं.

कॉम्प्युटर मी कोणाले देत नाई, अन् काम सोडतो म्हणून लिहिलं होतं ते आजच परत घेतो. यापुढं पडदा बंद करूनच तपासीन. अन् कोणी "बोलत नाई" म्हटलं, तं आधी त्याचं खरं मानीन.

तुमची,
शिलू