थोरल्या टेंभीची उतरण

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९६१

पोहोचलो एकदाचा! दिवाळे गावाहून होडीने पाऊण तास, आणि समोर काजळबेट. नाव अगदी शोभतं. सगळं बेट ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचं, आणि त्यावर दोन सुळके: धाकटी टेंभी आणि थोरली टेंभी. नाडकर्ण्यांना मुंबईजवळच्या डोंगरसहलींचं पुस्तक काढायचं आहे. त्यातलं काजळबेटाचं प्रकरण माझ्याकडे आहे. चढायला किती मिनिटं, उतरायला किती, माथ्यावरून काय दिसतं, एवढंच लिहायचं. चार दिवसांचं काम.

होडीवाला धर्मराज माझी ट्रंक स्वतःच डोक्यावर घेऊन वरपर्यंत आला. बेटावर बारा घरं. हातातली वही बघून सगळे मला मास्तर म्हणू लागले आहेत. मी उतरलो आहे यशोदाबाईंकडे. वय पन्नाशीचं, एकट्याच राहतात आणि मासळी सुकवून विकतात. आज बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मालतीला हे कळवायला हवं. तिला आठवा लागल्यापासून मासळीचा वाससुद्धा सोसत नाही, म्हणून गिरगावात माझा उपास चालला आहे. वीस मार्चच्या आसपास बाळ येईल. त्याच्या आत पुस्तक छापखान्यात गेलं पाहिजे.

शनिवार, ४ फेब्रुवारी

सकाळी धाकटी टेंभी. चढायला पंचवीस मिनिटं, उतरायला अठरा. पश्चिमेला मुंबई धुक्यात, दक्षिणेला उरण आणि जासईकडचे डोंगर. शाळेच्या सहलींना उत्तम जागा. अर्धं काम झालं.

थोरलीबद्दल यशोदाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या की गावातलं कोणी तिथे जात नाही. का, ते मात्र सांगेनात. मी हसून सोडून दिलं.

रविवार, ५ फेब्रुवारी

माझं घड्याळ बिघडलं आहे. लग्नातलं, सासऱ्यांनी दिलेलं, आजवर एका मिनिटाने मागे पडलं नव्हतं.

सातला निघालो आणि आठला पाच कमी असताना थोरलीच्या माथ्यावर होतो. देखावा अप्रतिम! पूर्वेला खाडीपलीकडे बेलापूरची कापलेली भातशेतं, मिठागरांचे पांढरे चौकोन, त्यात ढिगाऱ्यांच्या ओळी, आणि मागे डोंगर. तासभर बसलो, चित्र काढलं. नऊला उतरायला लागलो. घड्याळाप्रमाणे नऊ चाळीसला अंगणात पोहोचलो, तर सूर्य बुडत होता आणि यशोदाबाई दिवा लावत होत्या.

मला वाटेत झोप लागली म्हणावं, तर मी कुठेही बसलो नाही. सगळी नोंद फुकट गेली. उद्या पुन्हा चढावं लागणार.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

संताप आवरत नाही. काल, सोमवारी सकाळी, धर्मराजच्या घड्याळाशी माझं घड्याळ जुळवून थोरली चढलो. माथ्यावर पाच मिनिटंही थांबलो नाही. उतरायला बरोबर चाळीस मिनिटं. खाली आलो तर हे लोक म्हणतात आज मंगळवार आहे, आणि संध्याकाळ आहे. धर्मराज मला शोधायला वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरला होता म्हणे.

मी त्यांच्यावर ओरडलो. शहरातल्या माणसाची थट्टा करता का, म्हणालो. धर्मराजने खिशातून वर्तमानपत्र काढून दाखवलं. तारीख सातच होती.

मग यशोदाबाई बोलल्या. त्यांचा नवरा कान्हा बावीस वर्षांपूर्वी शेळीचं हरवलेलं करडू शोधायला थोरलीवर गेला होता. मला वाटलं, त्या कड्यावरून पडल्याचं सांगतील. पण त्या सूप खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मेला नाय तो, मास्तर. उतरतंय अजून."

बुधवार, ८ फेब्रुवारी

ऊन लागलं असणार. चक्कर येऊन पडलो असेन आणि आठवत नसेल. एवढाच अर्थ निघतो. नाडकर्ण्यांचं पत्र आलं आहे, प्रकरण कुठे आहे म्हणून. त्यांना काय कळवू? 'उतरायला चाळीस मिनिटं किंवा दीड दिवस'? हसतील सगळे.

उद्या शेवटचा प्रयत्न. बरोबर चुन्याची पिशवी नेतो. दर शंभर पावलांना दगडावर खूण करीन. चाळीस मिनिटं म्हणजे किती पावलं, एवढं तरी सिद्ध होईल. यशोदाबाईंनी हात जोडले. मी ऐकणार नाही.

~~गुरुवार, ९ फेब्रुवारी~~ बुधवार, १ मार्च

वरची तारीख मी सवयीने लिहिली होती. धर्मराजने खोडायला लावली.

वीस दिवस.

खुणा चढताना एकोणतीस झाल्या. उतरताना एकोणतीसच मोजल्या. चाळीस मिनिटं. दाढी वाढलेली नाही. पिशवीत सकाळची भाकरी आहे, अजून मऊ. आणि चटईवर मालतीची चार पत्रं पडली आहेत. शेवटच्यात एकच ओळ: आहात तिथून तार तरी करा.

मी बराच वेळ रडलो. मग एक चूक केली. दुसऱ्या वळणावर जे पाहिलं ते यशोदाबाईंना सांगितलं. माझ्यापुढे वीसेक हातांवर एक माणूस उतरत होता. लाल चौकड्यांचा रुमाल नेसलेला, खांद्यावर शेळीचं करडू. हाक मारली, तर त्याने वळून पाहिलं. तिशीचा असेल. मी वळणाशी पोहोचलो तेव्हा नव्हता.

यशोदाबाईंनी विचारलं, त्याच्या भुवईवर व्रण होता का.

होता.

उद्या सकाळी धर्मराज मला दिवाळ्याला सोडणार आहे. ट्रंक भरली.

गुरुवार, २ मार्च, सकाळी सात

यशोदाबाई घरात नाहीत. चूल पेटलेली नाही. धर्मराजने त्यांना उजाडताना थोरलीच्या वाटेला लागलेलं पाहिलं. हाका मारल्या, त्यांनी मागे पाहिलं नाही.

होडी धक्क्याला लागली आहे. धर्मराज म्हणतो, "मास्तर, जाव नको. ती तिच्या मानसाकडं गेली. तुमचं मानूस तिकडं वाट बघतंय."

खरं आहे ते. पण मी बोललो नसतो तर ती बाई गेली नसती. पन्नाशीची बाई, पायात चप्पल नाही. फक्त दुसऱ्या वळणापर्यंत जाईन. माथ्यावर पाऊल टाकणार नाही. तिला हाताला धरून आणीन. धर्मराजने दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मालतीची पत्रं खिशात घेतो.

सात पस्तीस. दुसरं वळण

सापडल्या. दोघंही.

दगडावर बसले आहेत. करडू त्याच्या मांडीवर. यशोदाबाई त्याच्या तोंडाकडे बघताहेत. तो बिचारा गोंधळला आहे. सकाळीच घरून निघालो म्हणतो, बायको एकटी आहे, वाट बघत असेल. मग अगदी आदराने त्यांना विचारतो, "आये, तू कोनाची?"

त्यांनी पदराने त्याचा घाम पुसला.

सात चाळीस

निघालो. मी पुढे, त्या मध्ये, कान्हा मागे. एकमेकांचे हात सोडायचे नाहीत.

सात पन्नास

हातात हात आहेत. चुन्याच्या खुणा दिसत नाहीत. मघाशी होत्या. दगडांवर शेवाळ चढलं आहे, जाड. मार्चमध्ये —

सात पंचावन्न

खाली धक्का दिसतो. होडी नाही. धर्मराज दुपारपर्यंत थांबणार होता. घड्याळात आठसुद्धा —

आता धक्काच नाही.

बारा घरं होती. मोजली. एक कौलारू, बाकी नुसते चौथरे, त्यांत झाडं.

आठ

बसलो. उतरायचं नाही. यशोदाबाई म्हणतात, बसलं तरी —

बसूनही चालूच आहे. सावल्या पळताहेत. उजेड, अंधार, उजेड. पापणी मिटावी तसा.

आठ वाजून दोन

पूर्वेकडे बघवत नाही. मिठागरं गेली. शेतं गेली. मागचा डोंगर अर्धा कापला आहे, लाल. खाडीवर लांबच लांब पूल. आणि काठाने उभ्या पेट्या, पांढऱ्या, एकीवर एक, वीस, तीस मजले, खिडक्याच खिडक्या — पलीकडेही तेच —

कान्हा लहान मुलासारखा रडतो आहे. बायकोकडे जायचं म्हणतो. त्या त्याला कुशीत घेऊन बसल्या आहेत. अजून सांगत नाहीत त्याला.

आठ वाजून तीन

तारीख कुठली लिहू?

खिशातली पत्रं कालच आल्यासारखी आहेत. शाई अजून गडद. माझे हातही तसेच, तरुण.

एवढं शहर बांधायला किती वर्षं लागतात? वीस? चाळीस? साठ? म्हणजे मालतीचं बाळ आता माझ्याहून —