हे आले

आई, काल दादाच्या व्हाइटफील्डच्या घरी हनुक्क्याच्या सणाचे दिवे लावले आणि मग आपला भोवरा काढला. तोच, मावशीनं इस्राएलहून पाठवलेला लाकडी, चार बाजूंना चार हिब्रू अक्षरं असलेला. मधे भाजलेल्या शेंगांचा ढीग. 'गिमेल' पडलं तर सगळा ढीग आपला, 'हे' पडलं तर अर्धा. के. आर. पुरमच्या घरी तू स्वयंपाकघरात पुऱ्या तळत असायचीस, आणि कुणाचंही 'हे' पडलं की तिथूनच ओरडायचीस, "हे आले! अर्धं ह्यांना वाढा." पप्पा दर वेळी लाजायचे. नवऱ्याचं नाव कधी न घेणारी तू, त्या एका अक्षरावर त्यांची हवी तेवढी चेष्टा करून घ्यायचीस.

पप्पांना आता फारसं आठवत नाही. काल 'हे' पडलं तेव्हा मात्र तेच पुटपुटले, "हे आले," आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. वहिनी फिसकन हसली. दादानं मोबाइल काढला. "पप्पा, परत एकदा. स्वल्प मोठ्यानं. आई काय म्हणायची?"

"मला काय विचारतोस? ती आत आहे ना, तिलाच विचार."

सगळे खो खो हसले. मग दादानं भोवरा फिरवलाच नाही. बोटानं 'हे' वर करून पप्पांसमोर ठेवत राहिला, आणि पप्पा दर वेळी तेवढ्याच भरवशानं दाराकडे वळत राहिले. मला शिसारी आली. शेंगांच्या टरफलांत उभा टेकवलेल्या त्या मोबाइलची, दादाच्या तेलकट बोटाची. "बस कर," मी म्हणाले.

"अगं, खूश आहेत ते! तूच एरंडेल प्यायल्यासारखी बसलीयस."

पप्पा खरंच हसत होते. त्यानं किळस कमी व्हायला हवी होती, ती वाढली. मी भोवरा उचलून पर्समध्ये टाकला. मेट्रोत बसल्यावर वाटलं, मी पप्पांना वाचवलं की त्यांचा खेळ मोडला?

आज दादानं तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. 'काढून टाक' एवढंच मी लिहिलं, पण पाठवलं नाही. त्यात पप्पा 'हे आले' म्हणतात ते अगदी तुझ्यासारखं, 'आले'वर हेल काढून. तू गेल्यावर तुझा आवाज आपल्याकडे कुठेच राहिलेला नाही. मी तो व्हिडिओ आधी माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला.