लोखंडी पुंगळी

१४ ऑक्टोबर १९८४, संध्याकाळ

आज माझा साळा गुलाब भेटायला आला. मी त्याच्याशी बोलणारच नव्हतो. मांडीचे टाके अजून ओढतात.

माझ्या रायफलीसाठी पितळी पुंगळीची काडतुसं सोडून लोखंडी पुंगळीची त्यानंच आणली. स्वस्त असतात, नेमही चुकत नाही, हे कबूल. पण पावसाळ्यात ओल लागली आणि पुंगळ्यांवर गंज चढला. पुसून वापरली, दुसरी होती कुठे? धानात शिरलेल्या रानडुकराला पहिली गोळी लागली. ते माझ्याकडे वळलं. दुसरी गोळी भरायला मी बोल्ट ओढू लागलो, तर रिकामी पुंगळी आतच अडकलेली. बोल्ट हलेना. पितळेची असती तर निघाली असती ना? तोवर डुक्कर अंगावर आलं.

डॉक्टर म्हणतात, पाय आता पुरता वाकणार नाही.

गुलाब म्हणाला, "भाऊजी, काडतुसात खोट नोती. डुकराले गोळी लागली ना?"

"लागली. मंग बोल्ट काऊन नाई हलला?"

त्यानं बशीतला चहा फुंकला. मग म्हणाला, "तुमचा पाय तं असा झाला. रायफल मलेच देऊन टाका. लायसनचं मी पाहतो."

बायकोनं त्याच्या हातातली चहाची कपबशी काढून घेतली. "ऊठ दादा. तुही बस सुटंल."

तो गेल्यावर ती चुलीपाशी रडत होती. माझ्यासाठी की भावासाठी, मी विचारलं नाही.