धवलारीण गप्प बसली

शुक्रवार, वैशाख शुद्ध सप्तमी. दिवेलागण.

देवाजवळ दिवा लावला, जप केला, तरी राग जात नाही. आज सापगावला भाचीची हळद होती. लग्नाचे धवले म्हणणारी आमची म्हातारी धवलारीण, बायजाआत्या, पाटाशी बसून गायला लागली. पहिली ओळ संपते न संपते तोच पोरींनी डीजे लावला. गाणं बाईनेच गायलेलं. आता बाई गप्प बसणार नाही, असं काहीतरी. आणि त्याच आवाजात आमची म्हातारी गप्प! हा कसला न्याय? ठेका मात्र चांगला होता, माझाही पाय हलला, खोटं कशाला लिहू.

भाचीला म्हटलं, "आत्याचं होऊ दे आधी."

"मावशी, हे पण बायांचंच गानं हाय."

आत्याने ऐकलं. म्हणाली, "मंग मी कोन गो, बाप्या?"

सगळ्या खो खो हसल्या. डीजे कुणीच बंद केला नाही. मीही नाही. पोरीला धवल्यांवाचून हळद लागली. आत्या उठून चपला घालायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं काय, तर "जेवून जा."