मामाची सोबत

३ एप्रिल १९८५, अहेरी
सुजाता शाळेतून रडत आली. हजेरीला 'हजर' म्हणताना अडकली. बाई थांबल्या नाहीत, पुढचे नाव घेतले. गैरहजर लागली.
संध्याकाळी बुद्धवंदनेला बसलो. माझ्या आवाजात आवाज मिळवून तिने सगळी म्हटली, कुठे अडखळली नाही. तिची आई, शांता, हेच करायची. पोरीच्या सोबत म्हणायची, पुढे जायची नाही. ती गेल्यावर हे माझ्याकडे आले. तिच्याइतके जमत नाही.

८ एप्रिल
वामनभाऊ आले. शांताचे थोरले भाऊ, मास्तर. जयंतीला विहारात माईकवर सुजाताने वंदना सांगावी, लोक मागून म्हणतील, असे त्यांचे म्हणणे. मी नको म्हणालो.
"मी बाजूलेच राह्यतो ना. शेवटपर्यंत संगं म्हणतो. माह्या बहिणीची पोरगी आहे."
सुजाताने मामाकडे पाहून मान हलवली. शांताची पांढरी साडी काढली, फ्रॉक शिवायला दिला.

१४ एप्रिल
विहार भरले होते. सुरुवात दोघांची नीट झाली. पंचशील अर्ध्यावर आले आणि भाऊ गप्प झाले. मुद्दाम. माईकवर नुसता तिचा अडकलेला श्वास. पोरे हसली. मी मागच्या रांगेतून म्हणायला लागलो, तिच्यापर्यंत पोचले नाही. ती मामाच्या तोंडाकडे बघत राहिली.
नंतर भाऊ म्हणाले, "सहारा काढल्याबिगर पोरगी बोलन कशी? तुम्ही दोघानं लाडावून ठेवली तिले."
दोघांनी. मेलेल्या बहिणीलाही सोडले नाही.

१७ एप्रिल
सुजाता बोलत नाही. पाणीसुद्धा खुणेने मागते. भाऊंनी माणसाच्या हाती टेंभरं पाठवली, तेंदूची पिकली फळे. तिला फार आवडतात. हात लावला नाही. मीही नाही. टोपलीत सुकत आहेत.

१९ एप्रिल
वंदनेला एकटाच बसलो. ती दारात उभी होती. पहिली ओळ म्हटली, तर मागून तिचा आवाज. बराच वेळ लागला तिला. मी वळलो नाही, वाक्य पूर्ण होऊ दिले.
"बाबा, तु... तु... तुमी बी मधातच थांबान का?"
नाही म्हणणार होतो. दवाखान्यात जाताना शांतानेही असाच शब्द दिला होता तिला, परत येते, मग दोघी मिळून म्हणू.
"इथी बस," एवढेच म्हणालो. पुन्हा पहिल्यापासून धरले, सावकाश. बसली. जरा दूर. ओठ हलत होते. आवाज माझा एकट्याचाच.